बाराच्या बारा पास!

शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा अभ्यास करून परीक्षा द्यायची, ही अमेरिकेतली 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' उर्फ एपी. हायस्कूलच्या पोरांनी हा ताप डोक्याला लावून घ्यावा का? मला विचाराल तर आधी इतिहास बघा.

सुरुवात अगदी वरच्या वर्तुळातली. अँडोव्हर, एक्सेटरसारख्या श्रीमंत शाळांतली मुलं हार्वर्ड-येलला गेली की तेच धडे पुन्हा गिरवायची. ते टाळायला ही सोय निघाली. १९५६ साली कॉलेज बोर्डाच्या पहिल्या परीक्षेला १०४ शाळांमधून जेमतेम १,२२९ विद्यार्थी बसले.

आता थेट १९८२. पूर्व लॉस एंजेलिसमधलं गारफिल्ड हायस्कूल. वस्ती गरीब, मुलं बहुतेक मेक्सिकन वंशाची. बोलिव्हियाहून आलेले हैमे एस्कलांते तिथे कॅल्क्युलस शिकवायचे. त्यांचे १८ विद्यार्थी पास झाले आणि परीक्षा घेणाऱ्यांनाच संशय आला... १४ जणांची उत्तरं इतकी सारखी कशी? १२ जण पुन्हा परीक्षेला बसले. बाराच्या बारा पास! (१९८८चा 'स्टँड अँड डिलिव्हर' हा सिनेमा यावरच आहे. जरूर बघा.)

२०१८मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खाजगी शाळांनी एपी सोडत असल्याचं जाहीर केलं. आमचे कोर्स जास्त सखोल, म्हणे. असतीलही बुवा! पण त्यांच्या नुसत्या नावावर कॉलेजं विश्वास ठेवतात. गारफिल्डच्या प्रगतिपुस्तकावर कोण ठेवणार होतं?

म्हणून तसल्या शाळेतल्या पोराने एपी जरूर द्यावी. आवडीच्या एक-दोन विषयांची. आठ-दहा विषयांचा रतीब घालणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाहीये.