डबा आधी आला, कटर मागाहून



यंदाच्या स्मरणिकेसाठी कोणीतरी इतिहासावर लिहावे असे चिटणीसबाईंनी सभेत सांगितले आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि सनावळ्या! त्या लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. परंतु माझ्या स्वयंपाकघरातील खणात एक वीतभर लांबीची वस्तू पडलेली असते. तिलाही इतिहास आहे आणि तो बराच रंजक आहे. ही वस्तू म्हणजे पत्र्याचा डबा उघडण्याचा हातकटर. काही घरी त्याला ओपनर म्हणतात, काही घरी टिनकटर.

कटरची गोष्ट सांगावयाची तर आधी डब्याची सांगितली पाहिजे. आपण ज्याला ‘टिन’ म्हणतो तो खरोखरी लोखंडी पत्रा असतो. त्यावर कथलाचा अगदी पातळ मुलामा दिलेला असतो. पितळेच्या पातेल्याला कल्हईवाला जी कल्हई लावीत असे तीही कथलाचीच. आंबट पदार्थ पितळेत कळकू नये म्हणून कल्हई, आणि लोखंड गंजू नये म्हणून डब्याला कथील. तेव्हा डबा म्हणजे कल्हई केलेले लोखंडाचे भांडे, ही गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

अन्न हवाबंद करून उकळले म्हणजे ते टिकते हे निकोलस आपेर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने दाखवून दिले. तो हलवाई होता, म्हणजे आपल्यापैकीच! फ्रेंच सरकारने त्याला १८१० साली बारा हजार फ्रँकांचे बक्षीस दिले. त्याने काचेच्या बाटल्या वापरल्या होत्या. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर डुरँड याने पत्र्याच्या डब्यासाठी पेटंट घेतले, आणि १८१३ पर्यंत डाँकिन व हॉल यांचा डबाबंद अन्नाचा कारखाना लंडनला सुरू झाला. गिऱ्हाईक मुख्यतः आरमार. १८२४ मध्ये पॅरी नावाचा कप्तान उत्तर ध्रुवाकडील बर्फात गेला तेव्हा त्याच्या जहाजावर असे डबे होते. डबा कसा उघडावा हे त्यावर लिहिलेले असे. काय लिहिलेले असे? तर वरच्या बाजूला कडेजवळून छिन्नी आणि हातोड्याने कापावा!

मला हे कळले तेव्हा हसू आवरेना. डबा बंद करण्यावर एवढी अक्कल खर्च केली, पण उघडणाऱ्याची आठवण कोणाला झाली नाही. हे एकदोन वर्षे चालले असेही नाही. कटरचे पहिले पेटंट १८५५ साली निघाले, म्हणजे मध्ये पंचेचाळीस वर्षे गेली. शिपाई संगिनीने डबे फोडीत, कोणी चाकूने, कोणी दगडाने. त्यांचाही सर्वस्वी दोष नव्हता. जुने डबे हाताने केलेले, जाड लोखंडाचे असत, आणि एवढा जाड पत्रा हातातल्या लहान हत्याराने कापलाच गेला नसता. पत्रा पातळ होऊ लागला तेव्हाच कटरचा विचार करणे शक्य झाले. तरीसुद्धा माझे म्हणणे असे की, डबे जर पहिल्यापासून घरातल्या बायकांनी उघडले असते तर पंचेचाळीस वर्षे लागली नसती. डबा होता फौजेसाठी, आणि फौजेत संगीन सर्वांच्या हाताशी.

१८५५ चा तो पहिला कटर लंडनच्या रॉबर्ट येट्स याचा. तो सुऱ्याकात्र्या बनविणारा होता. पुढे १८५८ मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नर याने दुसरा काढला. त्याला एक टोकदार पाते भोक पाडण्यासाठी आणि दुसरे विळ्यासारखे वाकडे पाते कापण्यासाठी. टोक रोवावयाचे आणि विळा वरखाली करीत कडेकडेने पुढे न्यावयाचा. त्या हत्याराचे चित्र पाहिले तर आपल्या महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलेल्या विळ्याचा लांबचा भाऊच वाटेल. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) ते सैन्याने वापरले. घरात मात्र ते फारसे शिरले नाही, कारण ते फार धोक्याचे होते. वाणीच गिऱ्हाइकाला डबा उघडून देत आणि उघडा डबा घरी जाई. त्यानंतर १८६५ च्या सुमारास मांसाच्या डब्यांबरोबर बैलाच्या डोक्याच्या आकाराचे ओतीव लोखंडाचे कटर मिळू लागले. शोभा बरी होती, पण कापण्याची रीत तीच. टोचा आणि करवतासारखे पुढे ढकला. कापलेली कड अशी दातेरी होई की जपून हात घालावा.

खरी सुधारणा चाकाने झाली. १८७० मध्ये विल्यम लायमन याने धारदार चाक फिरवून पत्रा कापण्याची युक्ती काढली. पण त्याच्या कटरचे एक टोक झाकणाच्या बरोबर मध्यभागी रोवावे लागे आणि डब्याच्या मापाप्रमाणे दांडी कमीजास्त करावी लागे. कंपासाने वर्तुळ काढतात तसे. पुढे १९२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टार कंपनीने दुसरे चाक जोडले, तेही दातेरी. आणि १९३१ मध्ये अमेरिकेतच बंकर नावाचा कटर निघाला, त्याला पकडीसारख्या दोन दांड्या होत्या. आज आपण दुकानात फुलपाखरासारख्या किल्लीचा जो कटर पाहतो तो याच घराण्यातला.

याचे काम कसे चालते ते एकदा शांतपणे पाहण्यासारखे आहे. डब्याचे झाकण आणि अंग यांच्या कडा एकमेकींत दुमडून दाबलेल्या असतात, आपण करंजीला मुरड घालतो तशा. कटरचे दातेरी चाक त्या मुरडीला खालून धरते आणि धारेचे चाक मुरडीच्या आतल्या बाजूने झाकणात घुसते. दोन दांड्या दाबल्या की दोन्ही चाके जवळ येतात, अगदी अडकित्त्याप्रमाणे. सुपारी अडकित्त्याच्या बिजागरीजवळ धरली की कमी जोरात फुटते, तेच तत्त्व येथे. मग किल्ली फिरवली की दातेरी चाक मुरडीला पकडून डबाच गोल फिरवते. कापण्याचे काम हाताच्या जोरावर न राहता चाकावर गेले, हा त्यातला मोठा शोध. येट्सच्या कटरने जे काम खांद्याने करावे लागे ते आता बोटांनी होऊ लागले.

आता आपल्याकडे वळते. डहाणू-तलासरीकडे फोडण्याची, सोलण्याची कला कोणाला शिकवावी लागत नाही. चैत्र-वैशाखात ताडगोळ्यांच्या ढिगापाशी बसलेली बाई कोयत्याचे तीन घाव घालून आतला गोळा न फाटता बाहेर काढते. वारली बांधवांच्या कमरेच्या आकडीत कोयता असतोच. किनाऱ्याकडच्या घरी नारळ सोलावयाला जमिनीत रोवलेली लोखंडी पहार. आणि विळी! विळीचे पाते स्थिर असते, पाटावर पाय असतो, दोन्ही हात वस्तूला मोकळे असतात. एवढी विचारपूर्वक केलेली हत्यारे ज्या घरात आहेत त्याच घरात पत्र्याचा डबा आला की काय होते? तर उलथन्याची दांडी, बत्ता आणि खिळा! गोड घट्ट दुधाच्या डब्याला खिळ्याने दोन भोके पाडतात, एक दूध येण्यास आणि दुसरे हवा जाण्यास. एकाच भोकाने दूध येत नाही हे आपल्याला कोणत्याही शाळेशिवाय ठाऊक आहे.

याचे एक कारण असे की आपल्याकडे डबा उघडला म्हणजे त्याचे आयुष्य संपत नाही. इंग्रजी अमलात रॉकेल चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे अठरा लिटरच्या चौकोनी डब्यातून येई. तो रिकामा झाला की वरचा पत्रा कापून, कड हातोडीने आत वळवून, आडवी लाकडी दांडी ठोकली की पाण्याचा डबा तयार. माझ्या लहानपणी पाड्यावरच्या विहिरीवर असे डबे रांगेने दिसत. लहान डब्यांच्या चिमण्या होत. वनस्पती तुपाच्या डब्यात डाळ, पापड, सांडगे. डालडा १९३७ पासून बाजारात आले आणि त्याच्या पिवळ्या डब्याने किती घरांची फडताळे भरली याची गणती नाही. पूर्वी हा पत्राही विलायतेहून येई. १९२० साली जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे टिनप्लेट कंपनी स्थापन झाली आणि १९२२ अखेरीपासून देशी पत्रा निघू लागला. तेव्हा ज्याला डबा जपावयाचा आहे तो कड नीट कापणारा हवा असे म्हणेल, आणि ते काम पत्र्याची कात्री घेऊन बसलेला कारागीर करीत असे. साहेबाचा कटर टाकून देण्याच्या डब्यासाठी केलेला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

आता आमरसाचे डबे घरोघर येतात. रत्नागिरीकडच्या कारखान्यांतून हापूसचा रस साडेआठशे ग्रॅमच्या आणि तीन किलोवरच्या डब्यांत भरतात, तो आखातात आणि अमेरिकेतही जातो. माझी एक चुलत नणंद मस्कतला असते. तिच्याकडे पाडव्याला रसाचा डबा लागतोच, म्हणून कटरही लागतोच. माझी धाकटी जाऊ डावखुरी आहे. तिला हा कटर कधीच जमत नाही. किल्ली उजव्या बाजूला, म्हणजे डाव्या हाताने दाबून उजव्याने फिरवावयाची. तिने उलटा धरला की धारेचे चाक बाहेर येते. डावखुऱ्यांसाठी वेगळे कटर मिळतात असे कळते, पण आमच्या बाजारात मी अजून पाहिले नाहीत. सांधे दुखणाऱ्या सासूबाईंनाही दांड्या दाबणे कठीण जाते. हत्यार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक धडधाकट, उजव्या हाताचा माणूस असतो हे खरे.

गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवाला आपण फळांचे डबे आणले होते. कटर कोणाकडेच नव्हता. एका भगिनीने कोयत्याच्या टोकाने झाकण अर्धे कापून वर उचलले आणि झाकण परत मिटले ते तिच्या अंगठ्यावर. तीन टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले, आणि आठ दिवस तिला भांडी घासता आली नाहीत. घरकाम करून पोट भरणाऱ्या बाईचे आठ दिवस म्हणजे काय हे मी सांगावयास नको. तलासरीकडे माझ्या मावसबहिणीच्या गावी शाळेचा पोषण आहार बचतगटाच्या बायका शिजवितात. तेथे पंधरा किलोचा तेलाचा डबा येतो. तोही कोयत्यानेच फोडतात. मी पाहिले आहे, एक डबा धरते, दुसरी घाव घालते. डबा धरणारीच्या हाताची मला धास्ती वाटली.

अशा चौकोनी मोठ्या डब्याला चाकाचा कटर उपयोगी नाही, तो कोपऱ्यावर अडतो. त्याला तिकोनी तोंडाचा टोचा बरा. अमेरिकेत १९३५ मध्ये बिअरचे डबे निघाले तेव्हा हा टोचा निघाला. डब्याच्या काठाखाली त्याचा आकडा अडकवून दांडी वर उचलली की टोक आपोआप पत्र्यात शिरते. हातोडा नको, दुसऱ्या बाईने धरणे नको. समोरासमोर दोन भोके पाडली की तेल सरळ धारेने येते. स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात बाटलीचे बूच काढण्याचे जे चपटे हत्यार मिळते त्याच्या एका टोकाला पुष्कळदा हा टोचा असतोच. आपण त्याकडे पाहत नाही एवढेच.

गोल डब्यांसाठी अलीकडच्या चाळीसेक वर्षांत निराळ्या तऱ्हेचे कटर निघाले आहेत. ते झाकण वरून न कापता मुरडच बाजूने कापतात. झाकण टोपीसारखे उचलते आणि कड बोथट राहते. अंगठा कापलेल्या भगिनीला मी हा दाखविला तेव्हा ती म्हणाली, “एवढे सोपे होते तर आधीच का नाही काढला?” मी तिला पंचेचाळीस वर्षांची गोष्ट सांगितली. कडीने ओढून उघडावयाचे डबे तर आता मुलांनाही ठाऊक आहेत. ती कडी अमेरिकेतील अर्मल फ्रेझ याने १९६३ साली पेटंट केली. सहलीला गेले असता ओपनर घरी राहिला, त्यावरून त्यांना ती सुचली असे सांगतात. तरी कडीच्या डब्याचे झाकणही सुरीसारखे धारेचे असते, ते दोन बोटांनी उचलून ताबडतोब कागदात गुंडाळावे. उरलेला रस किंवा फळे डब्यात ठेवू नयेत, स्टीलच्या वा काचेच्या भांड्यात काढावीत, कारण कापल्या जागी कथील जाऊन लोखंड उघडे पडते. कटरची चाके वापरल्यावर धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचा एक थेंब द्यावा. चाकांत अडकलेला रस आंबतो आणि पुढच्या डब्यात उतरतो.

कार्यकारिणीच्या मागील सभेत हा विषय मांडला तेव्हा दोन बाजूने कापणारे कटर आणि चार तिकोनी टोचे घेण्याचे मंजूर झाले. पातेली, झारे, पराती यांच्या शेजारी ते मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत. नेताना वहीत सही करावी आणि धुऊन आणावेत. एक टोचा मी तलासरीला मावसबहिणीकडे पाठविला आहे. तिने निरोप धाडला की पहिल्याच दिवशी शाळेतला डबा एकटीने उघडला, फक्त आकडा काठाखाली नीट बसेपर्यंत दोनदा निसटला.