जेवणाऱ्याचे मत: उपाहारगृहांच्या अभिप्रायांचा इतिहास

उपाहारगृहाबद्दल जाहीर अभिप्राय देण्याची प्रथा जेमतेम सव्वादोनशे वर्षांची आहे. विकतचे अन्न खाण्याची रीत त्याहून किती तरी जुनी आहे. सराई, खाणावळ, पथिकाश्रम अशा ठिकाणी प्रवासी हजारो वर्षे जेवत आले. पण तेथे निवड करण्याजोगे फारसे काही नसे. ठरलेल्या वेळी, सामाईक मेजावर, मालक जे वाढेल ते खायचे. अनोळखी वाचकाला ‘येथे जा, तेथे जाऊ नका’ असे सांगण्याची गरज पर्याय वाढल्यावर निर्माण झाली. तेव्हापासून आजच्या कॉकटेल बारपर्यंत या प्रथेपुढे एक प्रश्न कायम उभा राहिला आहे: मत देणाऱ्याचे बिल कोणी भरले? त्याचे उत्तर जसे बदलले, तसे अभिप्रायाचे स्वरूपही बदलले.

आधुनिक उपाहारगृह १७६०च्या दशकात पॅरिसमध्ये आकाराला आले. प्रकृतीला मानवणारे कढण विकणाऱ्या दुकानांपासून त्याची सुरुवात झाली. स्वतंत्र मेज, छापील पदार्थपत्रिका, प्रत्येक पदार्थाची वेगळी किंमत आणि गिऱ्हाइकाच्या सोयीची वेळ ही त्याची लक्षणे होती. या व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांत गणल्या जाणाऱ्या रोझ द शांत्वाझोने १७६९मध्ये व्यापाऱ्यांच्या पत्त्यांची सूची प्रसिद्ध केली आणि तीत स्वतःच्या धंद्याचीही नोंद केली. या व्यवसायाची सुरुवातीची छापील वाखाणणी अशी खुद्द चालकाकडूनच झाली.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पॅरिसमध्ये उपाहारगृहे झपाट्याने वाढली. नव्याने पैसा हाती आलेल्या वर्गाला खाण्याची हौस होती, पण चांगले कोठे मिळते याची माहिती नव्हती. ही उणीव आलेक्झांद्र ग्रिमो द ला रेनिएर (१७५८–१८३७) याने भरून काढली. करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या धनाढ्य घराण्यात तो जन्मला होता. जन्मतःच हातांत व्यंग असल्याने तो यांत्रिक बोटांच्या मदतीने लिहीत असे. नाट्यपरीक्षणाचा अनुभव गाठीशी असल्याने नाटकासारखीच जेवणाचीही जाहीर चिकित्सा करता येते, हे त्याने ओळखले. १८०३ ते १८१२ या काळात त्याच्या ‘अल्मानाक दे गुर्मां’चे आठ खंड निघाले. त्यात पॅरिसच्या रस्त्यारस्त्याने फिरत खाटीक, पाववाले, मिठाईवाले आणि उपाहारगृहे यांची पारख केलेली आढळते.

ग्रिमोने चव घेणाऱ्यांचे एक पंचमंडळही स्थापन केले. व्यापारी आपले पदार्थ त्याच्याकडे पाठवत, मंडळ ते चाखून निकाल देई आणि तो निकाल छापून येई. अनेकांचा कौल घेण्याची ही पद्धत काळाच्या पुढची होती. तिच्यात दोष एवढाच होता की नमुने फुकट येत. निकाल अनुकूल लागला तर विक्री वाढे, प्रतिकूल लागला तर व्यापारी दुखावत आणि पक्षपाताचा आरोप होई. टीकेचा जोर वाढत गेला आणि १८१२नंतर हे प्रकाशन थांबले.

विसाव्या शतकात हे काम मार्गदर्शक पुस्तिकांनी हाती घेतले. आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या टायर उत्पादक बंधूंनी १९००मध्ये वाहनचालकांसाठी पुस्तिका काढली. फ्रान्समध्ये तेव्हा तीन हजारांहूनही कमी मोटारी होत्या. लोकांनी जास्त प्रवास केला की टायर झिजतील आणि खप वाढेल, असा हिशेब त्यामागे होता. पुस्तिका सुरुवातीला फुकट मिळे. १९२०मध्ये तिला किंमत लावण्यात आली आणि तिच्यातील जाहिराती बंद झाल्या. उत्तम भोजनाची खूण म्हणून १९२६मध्ये तारा आला, १९३१मध्ये एक ते तीन ताऱ्यांची श्रेणी ठरली आणि १९३६मध्ये श्रेणींचे निकष प्रसिद्ध झाले. कंपनीचे निरीक्षक ओळख न देता जेवतात आणि बिल चुकते करतात, हा या पुस्तिकेच्या प्रतिष्ठेचा पाया ठरला. ग्रिमोच्या पद्धतीतील दोष यामुळे दूर झाला, मात्र निकाल देण्याचा अधिकार मोजक्या पगारी जाणकारांच्या हातीच राहिला.

अमेरिकेत हीच गरज वेगळ्या वाटेने भागली. शिकागोचा डंकन हाइन्स हा छपाई व्यवसायातील फिरता विक्रेता होता. हमरस्त्यावरील खाणे अनेकदा अस्वच्छ असे, म्हणून चांगल्या ठिकाणांच्या नोंदी तो वहीत करून ठेवी. १९३५च्या नाताळात त्याने शुभेच्छापत्रासोबत १६७ उपाहारगृहांची यादी मित्रांना पाठवली. मागणी इतकी आली की पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन गुड ईटिंग’ हे पुस्तक निघाले. तो पुस्तकात जाहिराती घेत नसे. स्वयंपाकघराच्या स्वच्छतेवर त्याचा कटाक्ष असे आणि वाचकांच्या पत्रांवरून तो यादी सुधारत असे.

त्याच १९३६ साली हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याने कृष्णवर्णीयांसाठी ‘ग्रीन बुक’ काढले. त्यामागची निकड फार गंभीर होती. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय कुटुंबाला प्रवासात कोठे जेवण मिळेल, कोठे अपमान होईल आणि कोठे जीव धोक्यात येईल, हे आधी माहीत असणे भाग होते. वाचकांनी आणि टपाल खात्यातील सहकाऱ्यांनी ठिकाणांची माहिती पाठवली आणि त्यावर हे पुस्तक उभे राहिले. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहांतील वर्णभेद बेकायदा ठरवला आणि त्यानंतर काही वर्षांतच या पुस्तकाचे प्रकाशन थांबले. ग्राहकांनी एकमेकांना दिलेली माहिती किती मोलाची असू शकते, याचे याहून ठळक उदाहरण या इतिहासात नाही.

ब्रिटनमध्ये ग्राहकांच्या मताला संघटित रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. शिधावाटप चालू होते आणि हॉटेलांतील अन्नाचा दर्जा घसरलेला होता. इतिहासकार आणि पत्रकार रेमंड पोस्टगेट याने वाचकांना आपापले अनुभव कळवण्याचे आवाहन केले. आलेल्या अहवालांतून १९५१मध्ये ‘गुड फूड गाइड’ची पहिली आवृत्ती तयार झाली. अहवाल पाठवणारे स्वयंसेवक स्वतःच्या पैशाने जेवत आणि त्या ठिकाणाशी आपला आर्थिक संबंध नसल्याचे कळवत. एका परीक्षकाला वश करता येते, शेकडो ग्राहकांना नाही, हा विचार त्यामागे होता. पुढच्या सर्व ग्राहक-सर्वेक्षणांचे बीज येथे आहे.

वृत्तपत्रांनीही दरम्यान आपली शिस्त घालून घेतली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये १९५७पासून खाद्यविभाग सांभाळणाऱ्या क्रेग क्लेबर्नने अनोळखी राहून जेवावे, एकाच ठिकाणी अनेकदा जावे आणि खर्च वृत्तपत्राने द्यावा, असे नियम रुजवले. १९६०च्या दशकात तेथे ताऱ्यांची श्रेणीही सुरू झाली.

मुंबईत मद्याबद्दलच्या मताचा प्रश्न थेट न्यायालयात गेला. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ने मद्य बाळगणे आणि पिणे यांवर निर्बंध घातलेच, शिवाय मद्याची वाखाणणी करण्यासही मनाई केली. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१मध्ये अधिनियमाचा बराचसा भाग उचलून धरला, पण वाखाणणीवरील बंदी भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात असल्याने रद्द ठरवली. मद्यपानावर परवान्याचे बंधन राहिले, पण त्याविषयी चांगले बोलण्याचा हक्क अबाधित राहिला. पुढे शहरात ‘परमिट रूम’ रुळल्या. मुंबईच्या खाद्यजीवनावर नियमित लिहिणाऱ्यांत बेहराम काँट्रॅक्टर (१९३०–२००१) यांचे नाव अग्रभागी आहे. ‘बिझीबी’ या टोपणनावाने ते लिहीत आणि १९८५मध्ये त्यांनी ‘आफ्टरनून डिस्पॅच अँड कुरिअर’ हे सायंदैनिक सुरू केले.

जेवणाबरोबर जागेचीही पारख करण्याची सवय वाढली ती महानगरांत. न्यूयॉर्क हे त्याचे चांगले उदाहरण आहे. डायनर या साध्या अमेरिकी उपाहारगृहाचा उगम श्रमिकांच्या खाण्यात आहे. प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट याने १८७२मध्ये घोडागाडीतून रात्रपाळीच्या कामगारांना अन्न विकायला सुरुवात केली. पुढे कारखान्यात तयार झालेले, रेल्वेच्या डब्यासारखे दिसणारे डायनर सगळीकडे उभे राहिले. मॅनहॅटनच्या टेन्थ अ‍ॅव्हेन्यूवरील ‘एम्पायर डायनर’ हे १९४६चे. १९७६मध्ये नव्या चालकांनी त्याची जुनी चकाकी जपत त्याला नवे रूप दिले. पियानो आला, मद्य आले, रात्रभर वर्दळ राहू लागली. १९८०मध्ये ट्रायबेका भागात एका जुन्या कॅफेटेरियाच्या जागी ‘ओडियन’ सुरू झाले आणि कलावंत, लेखक व उशिरापर्यंत जागणाऱ्यांचा अड्डा बनले. कॉस्मोपॉलिटन या कॉकटेलचे आजचे रूप रूढ करण्याचे श्रेय अनेकदा तेथील बारला दिले जाते.

अशा ठिकाणी गिऱ्हाईक केवळ पोट भरायला येत नाही. मेज रिकामे होईपर्यंत तो बारपाशी थांबतो, तेथे पहिला पेला घेतो, आणि त्याचे मत जेवणाआधीच बनू लागते. कॉकटेलची सामग्री बहुतेक ठिकाणी सारखीच असते, त्यामुळे कस लागतो तो प्रमाणाचा, बर्फाचा, ताज्या रसाचा आणि बारटेंडरच्या हाताचा. प्रकाश किती, गोंगाट किती, खुर्ची आरामशीर आहे का, वेटरचे लक्ष आहे का, बिल पाहून पैसे वसूल झाल्यासारखे वाटते का, हे सारे अभिप्रायात येते. चविष्ट अन्नाला वाईट वागणूक मारक ठरते आणि सुरेख सजावट बेचव पदार्थाला फार काळ तारू शकत नाही.

या व्यापक अनुभवाला आकड्यांत बसवण्याचे काम टिम आणि नीना झगॅट या वकील दांपत्याने केले. वृत्तपत्री परीक्षणांबद्दल मित्रमंडळींत नाराजी होती, म्हणून १९७९मध्ये त्यांनी ओळखीच्या लोकांकडून न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांची मते मागवली. अन्न, सजावट आणि सेवा यांना वेगवेगळे गुण द्यायचे होते. प्रत्येकाने शून्य ते तीन गुण द्यायचे, सरासरी काढून तिला दहाने गुणायचे, अशी ३० गुणांची मोजपट्टी तयार झाली. सोबत अंदाजे खर्च आणि ग्राहकांच्या वाक्यांचे तुकडे जोडून केलेला छोटा मजकूर असे. खिशात मावणारे हे तांबडे पुस्तक शहरी जेवणाऱ्याच्या सोबतीला राहिले. त्याची एक मर्यादाही होती: ज्यांना एखादे ठिकाण आवडते तेच तेथे पुन्हा जातात आणि मत नोंदवतात, त्यामुळे गुण वर सरकतात. गूगलने २०११मध्ये १५.१ कोटी डॉलरना ही संस्था विकत घेतली आणि २०१८मध्ये ती पुन्हा विकली.

सामान्य ग्राहकाचे मत जाणकाराच्या मताइतकेच का महत्त्वाचे आहे, हे १९९३मध्ये एका जाणकारानेच दाखवून दिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या परीक्षक रूथ रायकल ‘ल सर्क’ या प्रतिष्ठित उपाहारगृहात वेषांतर करून गेल्या, तेव्हा त्यांना ताटकळावे लागले आणि उपेक्षा वाट्याला आली. ओळख पटल्यावर मात्र सन्मानाने जागा मिळाली. त्यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि चारऐवजी तीन तारे दिले.

इंटरनेटने मत देण्याची मुभा प्रत्येकाला दिली. ट्रिपअ‍ॅडव्हायझर २०००मध्ये आणि येल्प २००४मध्ये सुरू झाले. भारतात दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा यांनी २००८मध्ये ‘फूडीबे’ हे संकेतस्थळ काढले. सुरुवातीला त्यावर उपाहारगृहांची पदार्थपत्रके असत. ‘झोमॅटो’ हे नाव २०१०मध्ये आले. मुंबई, पुणे, नाशिक, पणजी येथल्या ग्राहकालाही त्यामुळे तारे देता येऊ लागले. या ताऱ्यांचा परिणाम थेट गल्ल्यावर दिसतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी सिएटलमधील उपाहारगृहांचा अभ्यास २०११मध्ये मांडला. येल्पवरील एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढते, असे त्यांना आढळले. हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर होतो. साखळी हॉटेलांची ओळख आधीच पक्की असल्याने त्यांना फारसा फरक पडत नाही. नवख्या चालकाला ग्राहकांच्या मताने केवढी संधी मिळते, हे यावरून कळते.

एवढा पैसा गुंतल्यावर खोटी मतेही विकली जाऊ लागली. २०१७मध्ये लंडनमध्ये ऊबा बटलर या लेखकाने आपल्या बागेतील खोपटाला उपाहारगृह म्हणून नोंदवले आणि बनावट अभिप्रायांच्या जोरावर ते ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर शहरात पहिल्या क्रमांकावर नेले. अस्तित्वात नसलेल्या त्या ठिकाणी मेज राखून ठेवण्यासाठी लोक फोन करत होते. संख्या मोठी असली की फसवणूक अशक्य होते, हा पोस्टगेटचा विश्वास त्यामुळे अपुरा ठरला, कारण त्याच्या काळी प्रत्येक अहवालामागे खरोखर जेवलेला माणूस होता.

त्यामुळे आता कायदे आणि मानके पुढे आली आहेत. अमेरिकेने २०१६च्या कायद्याने प्रामाणिक अभिप्राय देण्यास ग्राहकाला अडवणाऱ्या करारातील अटी निष्प्रभ केल्या आणि २०२४मध्ये बनावट अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आणली. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय देणाऱ्याची पडताळणी, पारदर्शकता, अचूकता आणि खासगी माहितीची सुरक्षा ही त्यातील मुख्य तत्त्वे आहेत. ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे पालन ऐच्छिक ठेवण्यात आले होते.

ग्रिमोच्या पंचमंडळापासून या मानकापर्यंत विश्वासार्ह अभिप्रायाच्या कसोट्या हळूहळू घडत गेल्या. मत देणारा खरोखर तेथे जेवलेला असावा, बिल त्याने स्वतः किंवा त्याच्या संस्थेने भरलेले असावे, मालकाशी त्याचे हितसंबंध नसावेत, आणि एकाच्या मतावर न विसंबता अनेकांची मते ताडून पाहावीत. या चारही गोष्टी पाळल्या गेल्या तर वाचकाचे पैसे वाचतात आणि मेहनती आचाऱ्याला, बारटेंडरला व वेटरला त्यांच्या कामाची योग्य पावती मिळते.