स्पर्धा नियामकाची फेरनियुक्ती : नियम, पायंडे आणि पेच

बाजारातील मक्तेदारी आणि व्यापाऱ्यांचे संगनमत यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला मुदत संपल्यानंतर त्याच पदावर पुन्हा नेमावे का, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ प्रशासकीय वाटतो. प्रत्यक्षात त्या एका नेमणुकीवर संस्थेची स्वायत्तता बऱ्याच अंशी अवलंबून असते. फेरनियुक्तीची आशा असलेला अधिकारी नेमणाऱ्याला दुखावण्याचे टाळील, ही एक भीती. अनुभवी माणूस घरी पाठवला तर अर्धवट राहिलेल्या चौकश्या रेंगाळतील, ही दुसरी. छोट्या बेटांवर हा पेच अधिक ठळकपणे दिसतो. भारतात त्याचे स्वरूप निराळे आहे. पण त्याची झळ वऱ्हाडातील कापूस उत्पादकापर्यंत आणि मेळघाटातील तेंदू मजुरापर्यंत पोहोचू शकते.

मॉरिशस : मराठी माणसांच्या बेटावरील आयोग

एकोणिसाव्या शतकात कंत्राटी मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये आहेत. या देशाची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. तेथे २००७ साली स्पर्धा कायदा झाला आणि २००९ च्या अखेरीस स्पर्धा आयोगाचे काम सुरू झाले.

या आयोगाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. चौकशी करण्याचे काम कार्यकारी संचालकाकडे, तर निकाल देण्याचे काम अध्यक्ष व आयुक्तांकडे, अशी विभागणी कायद्यानेच केली आहे. आयुक्तांची नेमणूक राष्ट्रपती पंतप्रधानांच्या सल्ल्याने करतात. मात्र हा सल्ला देण्यापूर्वी पंतप्रधानांनी विरोधी पक्षनेत्याशी विचारविनिमय करावा, अशी तरतूद आहे. पहिले कार्यकारी संचालक जॉन डेव्हिस हे ब्रिटनच्या स्पर्धा आयोगातून आले होते. आयोगाने हाताळलेली सुरुवातीची प्रकरणे चीजसारख्या रोजच्या वापरातील वस्तूंची होती. पुढे बिअर उत्पादकांमधील संगनमताचे प्रकरणही त्याच्यापुढे आले.

बेटावरील बाजारात आयातदार मोजके असतात, ठोक विक्रेते त्याहून मोजके. कायदा आणि अर्थशास्त्र जाणणारी माणसे थोडी, आणि त्यांचेही कोणत्या ना कोणत्या उद्योगसमूहाशी नाते, मैत्री किंवा व्यवसायाचा संबंध असण्याचा संभव मोठा. अशा ठिकाणी निःपक्षपाती प्रमुख मिळाला की त्याला सोडणे सरकारला जड जाते. त्यामुळे फेरनियुक्तीकडे कल झुकतो. बाहेरचा तज्ज्ञ आणला तर हितसंबंधांचा प्रश्न सुटतो. पण तो परतला की त्याचे ज्ञानही बेट सोडून जाते.

जर्सी : लाखभर लोकांचा नियामक

इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडीत असलेल्या जर्सी बेटाची लोकसंख्या लाखाच्या थोडी पुढे आहे. अचलपूर शहराची वस्ती साधारण तेवढीच. तेथील स्पर्धा नियामक प्राधिकरण २००१ च्या कायद्याने स्थापन झाले आणि स्पर्धाविषयक मुख्य कायदा २००५ साली आला. दूरसंचार, टपाल आणि बंदरे यांचे नियमनही याच प्राधिकरणाकडे आहे. म्हणजे फोनचे दर आणि कंपन्यांचे विलीनीकरण या दोन्ही बाबी एकाच मंडळापुढे येतात.

खर्च आणि मनुष्यबळ वाचावे म्हणून जर्सी व शेजारचे गर्न्सी या दोन बेटांनी २०१० पासून आपली प्राधिकरणे एकत्रितपणे चालवली. ही व्यवस्था २०२० मध्ये मोडली आणि दोन्ही बेटांचे नियामक पुन्हा स्वतंत्र झाले. अध्यक्षाची मुदत संपली की तेथे फेरनियुक्तीचा विचार होतो, तेव्हा त्याच्यासमोर प्रलंबित असलेली प्रकरणे, मंडळातील अन्य सदस्यांच्या मुदती आणि बाहेरून उमेदवार मिळण्याची शक्यता या सर्वांचा हिशेब एकदम मांडावा लागतो. सर्वांच्या मुदती एकाच वेळी संपल्या तर संस्थेची स्मृतीच पुसली जाण्याचा धोका असतो.

भारतातील तरतूद

भारतात मक्तेदारीविरोधी पहिला कायदा १९६९ चा. त्यानुसार १९७० मध्ये एमआरटीपी आयोग स्थापन झाला. उदारीकरणानंतर त्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली. भारतीय स्पर्धा आयोग २००३ मध्ये स्थापन झाला खरा. परंतु अध्यक्षपदी न्यायाधीश असावा की प्रशासक, या मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘ब्रह्म दत्त विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याचा निकाल जानेवारी २००५ मध्ये लागला, २००७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि स्वतंत्र अपील न्यायाधिकरणाची तरतूद करण्यात आली. आयोगाचे प्रत्यक्ष कामकाज सुरू व्हायला २००९ साल उजाडले.

अध्यक्ष व सदस्यांची निवड पाच जणांच्या समितीच्या शिफारशीवरून होते. सरन्यायाधीश किंवा त्यांनी नामनिर्देशित केलेली व्यक्ती समितीच्या प्रमुखपदी असते. कंपनी व्यवहार आणि विधी मंत्रालयांचे सचिव आणि दोन तज्ज्ञ हे अन्य सदस्य. मुदत पाच वर्षांची असून फेरनियुक्तीस पात्रता आहे. मात्र वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर पदावर राहता येत नाही.

ही शेवटची अटच निर्णायक ठरली आहे. धनेंद्र कुमार (२००९ ते २०११), अशोक चावला (२०११ ते २०१६), देवेंद्र कुमार सिक्री (२०१६ ते २०१८) आणि अशोक कुमार गुप्ता (२०१८ ते २०२२) या चौघांपैकी एकाचीही कारकीर्द पाच वर्षे पुरी झाली नाही. साठीच्या आसपास, सनदी सेवेची कारकीर्द संपवून आलेल्या व्यक्तीला पहिली मुदतच पूर्ण करता येत नाही, तेथे दुसरीचा प्रश्न उद्भवत नाही. फेरनियुक्तीची तरतूद अशा रीतीने कागदावरच राहिली.

रिकाम्या खुर्चीची किंमत

भारतात खरी अडचण नव्या नेमणुकीच्या विलंबाची आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गुगलला अँड्रॉइडप्रकरणी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २५ ऑक्टोबर रोजी प्ले स्टोअरच्या प्रकरणात ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड झाला आणि त्याच दिवशी अध्यक्ष गुप्ता निवृत्त झाले. त्यानंतर आयोगात उरले दोनच सदस्य. बैठकीस किमान तिघांची गणपूर्ती आवश्यक असल्याने काम ठप्प झाले. संगीता वर्मा यांच्याकडे हंगामी अध्यक्षपद होते. पण गणपूर्तीअभावी विलीनीकरणाचे प्रस्ताव पडून राहिले. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये अपरिहार्यतेच्या तत्त्वाचा आधार घेऊन दोनच सदस्यांनी विलीनीकरणांना मंजुरी देण्याचा मार्ग काढण्यात आला. नव्या अध्यक्ष रवनीत कौर यांनी मे २०२३ मध्ये सूत्रे स्वीकारली. म्हणजे सुमारे सात महिने देशाच्या स्पर्धा नियामकाला पूर्णवेळ प्रमुख नव्हता.

अन्य नियामकांचे तीन मार्ग

नियामकांच्या मुदतीबाबत देशात एकच धोरण नाही. वीज कायदा, २००३ नुसार राज्य वीज नियामक आयोगाच्या अध्यक्षाला त्याच पदावर पुन्हा नेमता येत नाही. स्थावर संपदा कायदा, २०१६ मध्येही हीच बंदी असल्याने ‘महारेरा’च्या अध्यक्षाला एकच मुदत मिळते. याउलट मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘सेबी’त मुदतवाढीचा पायंडा आहे. यू. के. सिन्हा २०११ मध्ये तीन वर्षांसाठी आले आणि वाढ मिळत २०१७ पर्यंत राहिले. अजय त्यागी यांना २०२० मध्ये आधी सहा आणि मग अठरा महिन्यांची वाढ मिळाली. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांची २०१८ मध्ये फेरनियुक्ती झाली आणि ते २०२० पर्यंत पदावर होते.

यांपैकी तुकड्यातुकड्याने दिलेली मुदतवाढ सर्वांत आक्षेपार्ह मानली जाते, कारण सहा महिन्यांनी पुन्हा सरकारच्या दारात उभे राहावे लागणाऱ्या अधिकाऱ्याकडून कठोर निर्णयाची अपेक्षा करणे अवघड असते. इटलीत स्पर्धा प्राधिकरणाच्या सदस्यांना सात वर्षांची एकच, नूतनीकरण नसलेली मुदत मिळते. दीर्घ पण एकदाच, असा हा मार्ग आहे. कायद्याने दिलेली मुदतही पुरेशी ढाल ठरतेच असे नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२५ मध्ये सरकारने स्पर्धा प्राधिकरणाचे अध्यक्ष मार्कस बोकरिंक यांना मुदतीपूर्वीच पायउतार व्हायला लावले आणि अ‍ॅमेझॉनच्या ब्रिटनमधील माजी प्रमुखाला हंगामी अध्यक्ष केले.

सेमाडोहला याचे काय?

परतवाडा-धारणी मार्गावर, सिपना नदीच्या काठी, व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाने वेढलेले सेमाडोह हे एका अर्थी बेटच आहे. विक्रेते मोजके आणि खरेदीदारही मोजके. अशा बाजारात दोन-तीन व्यापाऱ्यांनी आपापसांत भाव ठरवला तर गावकऱ्याला दुसरा पर्याय राहत नाही. तेंदूपानांचा व्यापार १९६९ च्या राज्य कायद्याने शासनाच्या नियंत्रणाखाली आला. वनहक्क कायदा, २००६ नंतर विदर्भातील काही ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. लिलावात संगनमताने बोली पाडणे हा स्पर्धा कायद्यानुसार थेट गुन्ह्यासारखाच गंभीर भंग मानला जातो. त्यासाठी दंड नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी जे अधिक असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. अशी तक्रार आयोगाकडे कोणतीही व्यक्ती किंवा संघटना दाखल करू शकते.

खाली पठारावर कापसाचा अनुभव आहे. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत एकेकाळी सुमारे १,८५० रुपये होती आणि त्यातील १,२५० रुपये तंत्रज्ञानाच्या स्वामित्वशुल्काचे होते. आंध्र प्रदेश सरकारच्या तक्रारीवरून २००६ मध्ये एमआरटीपी आयोगाने हस्तक्षेप केला आणि किमती ७५० रुपयांपर्यंत उतरल्या. त्याच तंत्रज्ञानाच्या परवान्यांबाबत स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मोन्सँटोविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. प्रकरण न्यायालयात अडकले आणि जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंट कायद्याला प्राधान्य देत ही कारवाई रद्द केली. विलंबाचे मुख्य कारण न्यायालयीन लढाई हेच होते. तरीही या सात वर्षांत आयोगाने तीन पूर्णवेळ अध्यक्ष आणि दोन हंगामी टप्पे पाहिले, ही वस्तुस्थिती उरते.

उपाय कोणते?

तज्ज्ञांच्या चर्चेत वारंवार येणारे उपाय तीन आहेत. विद्यमान प्रमुखाची मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी निवड प्रक्रिया सुरू करणे. सदस्यांच्या मुदती एकदम संपणार नाहीत अशा रीतीने नेमणुका करणे. आणि फेरनियुक्ती द्यायची असल्यास ती एकदाच, पूर्ण मुदतीची व जाहीर केलेल्या निकषांवर देणे. पंचावन्नच्या आतील उमेदवार निवडला तर पाच वर्षांची मुदत आणि फेरनियुक्तीची तरतूद या दोहोंना अर्थ येईल. यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही; आजच्या नियमांत हे सारे बसते.