आग्रा रस्त्यावरील शिरपूर आणि जुन्या मोटारींच्या गिअरबॉक्सची निगा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

भारतातील मोटारीचा इतिहास लिहिताना कारखाने, उद्योगपती आणि शासकीय परवाने यांची नोंद प्रामुख्याने घेतली जाते. विकत घेतलेली मोटार पुढे वीस-पंचवीस वर्षे कशी चालती राहिली, हा प्रश्न मात्र सहसा उपेक्षित राहतो. वस्तुतः ज्या काळात नवी मोटार मिळणे दुरापास्त होते, त्या काळात दुरुस्ती हाच मोटारीच्या इतिहासाचा मोठा भाग होता. प्रस्तुत निबंधात शिरपूर परिसराच्या संदर्भात गिअरबॉक्सच्या निगेचा विचार केला आहे. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणारी ही यंत्रणा घाटरस्त्यावर सर्वाधिक कसोटीला लागते.

शिरपूरचे भौगोलिक स्थान :

१९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन झाले आणि शिरपूर पश्चिम खानदेश जिल्ह्यात, म्हणजेच पुढील धुळे जिल्ह्यात, समाविष्ट झाले. तापीच्या उत्तरेस वसलेल्या या गावास रेल्वे नाही. सुरत-भुसावळ मार्गावरील नरडाणा हे स्थानक नदीच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे शिरपूरचे दळणवळण मुख्यतः मुंबई-आग्रा रस्त्यावर अवलंबून राहिले. दीर्घकाळ राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला गेलेला हा रस्ता २०१० च्या फेरक्रमांकनानंतर धुळे-शिरपूर-सेंधवा या टप्प्यात क्रमांक ५२ झाला. तापीकाठची सपाटी ओलांडून तो पळासनेरमार्गे सातपुड्यात शिरतो आणि पुढे मध्य प्रदेशात बिजासन घाट लागतो. खानदेशातील वैशाखाचे ऊन आणि लगेच येणारी चढण, अशा दुहेरी परीक्षेतून येथील वाहनांना जावे लागे. उष्णतेने वंगण पातळ होते आणि चढणीवर दात्यांवरील भार वाढतो. साहजिकच सपाटीवर दडून राहिलेला दोष घाटात उघडा पडतो.

टंचाई आणि एकाच रचनेचा दीर्घ काळ :

१९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, भारतात प्रत्यक्ष निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी येथील जोडणीचे काम आटोपते घेतले. त्यांच्या मोटारी रस्त्यावर राहिल्या, परंतु सुटे भाग दुर्मीळ झाले. दुसरीकडे, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० मालिकेच्या मोटारी आणल्या. त्याच परंपरेतील मोटार १९७० च्या दशकात 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. स्पर्धेच्या अभावी मूळ रचनेत फारसा बदल झाला नाही, ही ग्राहकाची तक्रार रास्तच होती. परंतु त्याच स्थैर्यामुळे एका मिस्त्रीने शिकलेली गोष्ट त्याच्या शागिर्दालाही उपयोगी पडत राहिली. मोडीत निघालेल्या गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसविणे शक्य झाले.

निगेचे शास्त्र :

फियाट ११०० व तिच्या वंशातील पद्मिनीचा गिअरबॉक्स चार गतींचा होता. वरच्या तीन गिअरना सिंक्रोमेश होते, पहिल्याला नव्हते. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकावयाचा तर दोनदा क्लच दाबून मधल्या क्षणी इंजिनाचा वेग जुळवावा लागे. हे साधले नाही की दाते करकरत आणि झिजत. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असल्याने त्याची हालचाल सळ्या व बुशांमार्फत पेटीपर्यंत पोहोचे. बुश झिजले की गिअर नीट पडत नसे आणि दोष विनाकारण गिअरबॉक्सला लागे. म्हणून जाणता कारागीर प्रथम बाहेरच्या सळ्या, क्लचचा खेळ आणि तेलाची पातळी तपासतो. पेटी उघडणे हा त्याच्या दृष्टीने शेवटचा उपाय होय.

आवाजावरून निदान करण्याची पद्धतही तर्कशुद्ध आहे. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबला, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर जातो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग तपासावे लागते. तेल बदलताना गाडी थोडी चालवून गरम करतात, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून जातो. जुने तेल सोडण्यापूर्वी भरण्याचे बूच उघडते की नाही हे पाहून घेतात, अन्यथा पेटी रिकामी होऊन गाडी जागीच अडकते. निघालेल्या तेलातील पितळी कण सिंक्रोमेशच्या कड्या झिजल्याचे सांगतात. आधुनिक जीएल-५ प्रतीच्या काही तेलांतील गंधकयुक्त घटक पितळेस अपायकारक ठरू शकतात. म्हणून महाग तेल ते चांगले, हा समज जुन्या गाडीच्या बाबतीत फसवा ठरतो.

परिवर्तन आणि हानी :

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्यात पुढची चाके चालविली जात, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्टच उरला नाही आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच घरात सामावले. हळूहळू दुरुस्तीऐवजी संपूर्ण भाग बदलण्याची पद्धत रूढ झाली. ग्राहकाचा वेळ वाचला, हे मान्य करावेच लागेल. तथापि कानाने आणि बोटांनी निदान करण्याचे कौशल्य त्यामुळे आकसत गेले.

या कौशल्याचा संबंध केवळ जुन्या गाडीच्या हौसेशी नाही. उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनाच्या अवरोधाने वेग आवरणे, हा घाटातील पहिला धडा होय. गिअर निसटू लागलेली गाडी हा आधार ऐन वेळी गमावते आणि सारा भार ब्रेकवर येतो. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे एक मालवाहू वाहन महामार्गालगतच्या हॉटेलात शिरून दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. वाहनाचे ब्रेक निकामी झाल्याचे तत्कालीन वृत्तांत नमूद आहे. ते वाहन जुन्या मोटारींपैकी नव्हते. परंतु या उतारावर यंत्रणेच्या निगेचे मोल किती, याची जाणीव ती घटना करून देते.

समारोप :

२०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. त्यामुळे गाडीला वारशाचा दर्जा मिळाला, मात्र तिला चालती ठेवणाऱ्या ज्ञानाला तो मिळालेला नाही. हे ज्ञान बहुतांशी मौखिक आहे. ते वस्तादाकडून शागिर्दाकडे जाते आणि शागिर्द न मिळाल्यास वस्तादाबरोबरच संपते. शेतीची अवजारे किंवा लोकगीते यांचे संकलन जसे महाविद्यालयीन पातळीवर होते, तसेच महामार्गावरील वयोवृद्ध कारागिरांच्या मुलाखती, त्यांची परिभाषा आणि कार्यपद्धती यांचेही संकलन होणे आवश्यक आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सहकार्याने हे काम हाती घेतल्यास खानदेशच्या श्रमेतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण लिहिले जाईल. त्यासाठी फार अवधी मात्र उरलेला नाही.