विद्यापीठातील एक न भरलेली जागा

सन १९१९ च्या जानेवारी महिन्याच्या २७ व्या तारखेस मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील एका तरुण प्राध्यापकाने साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. मताधिकार कोणाकोणास द्यावा याचा विचार करण्यासाठी ही समिती नेमलेली होती, आणि साक्षीदार होते भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा की, कायदेमंडळात निरनिराळ्या मतांस वाचा मिळाली म्हणजे काम संपले असे होत नाही. निरनिराळ्या माणसांसही तेथे बसता आले पाहिजे. अस्पृश्यांविषयी मनापासून कळवळा असलेला एखादा स्पृश्य सभासद त्यांची बाजू उत्तम मांडील, हे घटकाभर मान्य केले तरी ज्याला स्वतः तेथे पाऊल ठेवता येत नाही त्याचे नागरिकत्व अपुरेच राहते.

या साक्षीस शतक उलटून गेले. तिची आठवण आम्ही आज करून देतो, त्याचे कारण विद्यापीठांच्या आवारात आहे. इंग्लंड-अमेरिकेतील काही विद्यार्थिसंघांत गौरेतर समलिंगी व तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रतिनिधी निवडतात, आणि त्या पदासाठी विद्यार्थी उघडपणे उमेदवारी करतात. आपल्याकडे रंगाच्या ठिकाणी जात घातली की प्रश्न तोच उभा राहतो. जो विद्यार्थी दलित वा आदिवासी आहे आणि शिवाय समलिंगी वा तृतीयपंथी आहे, त्याच्या वतीने कोणी बोलावे? की त्याने स्वतःच बोलावे?

हा प्रश्न परका आहे असे कोणी म्हणू नये. ज्या आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी जागा मागितली, तेच १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांचे वकील म्हणून न्यायालयात उभे राहिले होते. कर्वे हे विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते; संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली, आणि १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवीत. सभ्य घरांत ज्या विषयांचा उच्चारही होत नसे, त्यांवरील वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खटला हरला, कर्व्यांस दंड झाला. परंतु जातीचा अन्याय आणि लैंगिकतेविषयीची मुस्कटदाबी या दोहोंविरुद्ध एकच माणूस याच मुंबईत झगडला, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली आहे. त्यांच्या चाहत्यांना पहिला झगडा पाठ असतो. दुसऱ्याचा मात्र बहुधा विसर पडतो.

आता विद्यापीठाकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या अधिसभेत आज नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. त्यांपैकी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त जाती, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया यांस प्रत्येकी एक राखीव असून उरलेल्या पाच खुल्या आहेत. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र चित्र फारच निराळे आहे. निवडणुकीच्या निमित्ताने महाविद्यालयांत हाणामाऱ्या होऊ लागल्यामुळे १९९४ च्या कायद्याने थेट निवडणूक बंद झाली, आणि वर्गात अधिक गुण मिळविणारा विद्यार्थीच प्रतिनिधी ठरू लागला. २०१६ च्या कायद्याने निवडणूक कागदावर परत आणली. विद्यार्थी परिषदेत एक जागा विद्यार्थिनीस, आणि आणखी एक अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त व इतर मागासवर्ग यांना आळीपाळीने, अशी त्यात योजना आहे. परंतु २०१९ साली ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलण्यात आल्या.

या योजनेकडे नीट पाहिले असता तिची घडण ध्यानात येते. प्रत्येक जागा एका दुःखासाठी आहे. जातीच्या जागेवर बसणाऱ्याने जातीविषयी बोलावे, स्त्रीच्या जागेवर बसणारीने स्त्रियांविषयी. ज्याच्या वाट्यास दोन दुःखे आली, त्याला एका जागेवर बसताना दुसरे दाराबाहेर ठेवून यावे लागते. वास्तविक आपल्या शासनाला दोन्हींची सांगड घालता येत नाही असे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगविरोधी नियमांत जी सुधारणा केली, तीत जात, वर्ण, तृतीयपंथीयांसह लिंगभाव आणि लैंगिक कल ही सारी कारणे एकाच वाक्यात गोवली आहेत. अर्थात छळ होतो तो माणसाचा एकत्र होतो, हे नियम करणारांस ठाऊक आहे. मग प्रतिनिधित्व देतानाच तेवढे तुकडे का पडावेत?

महाराष्ट्रात अशी जागा निर्माण होण्याचा योग एकदा आला होता. २०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळाने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करणारे एक विधेयक संमत केले. विद्यापीठात समान संधी मंडळ असावे आणि त्यावर समलिंगी-तृतीयपंथी समाजाच्या व्यक्तीस स्थान मिळावे, अशी तरतूद त्यात होती. सभागृहात या तरतुदीची थट्टा झाली, आणि त्या थट्टेचा बाहेर निषेधही झाला. परंतु विधेयक बुडाले ते या तरतुदीमुळे नव्हे. कुलगुरूंच्या निवडीत राज्यपालांचा अधिकार किती आणि शासनाचा किती, हा त्यातील मोठा तंटा होता. त्या तंट्यात विधेयक अडकून राहिले आणि २०२२ साली नव्या सरकारने ते मागे घेतले. मोठ्यांच्या भांडणात एक लहानशी जागा कोणी न भांडताच नाहीशी झाली. तिच्यासाठी भांडणारा कोणी आत नव्हता, हेच त्याचे कारण. आणि आंबेडकरांच्या १९१९ च्या मुद्द्यास याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही.

निवडून येण्याची गोष्ट मात्र अशक्य कोटीतील नाही. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच निवडले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या राखीव जागेवरील अर्ज तृतीयपंथी म्हणून नाकारला गेला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२१ च्या जानेवारीत तो ग्राह्य धरावयास लावला, आणि त्या निवडून आल्या. खेड्यातील मतदारांस जे जमले ते विद्यापीठास जमू नये, हे विद्येस भूषणावह नव्हे.

यावर आमचे काही वाचक विचारतील की, अशा वाटण्यांना अंत कोठे? प्रत्येक दोन दुःखांच्या बेरजेस एकेक खुर्ची दिली तर सभागृह पुरणार नाही. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्याच कायद्यात आहे. स्त्रियांस नोकरीत जे समांतर आरक्षण मिळते, ते प्रत्येक जातिवर्गाच्या आतून मिळते. स्त्री म्हणून हक्क सांगताना कोणीस जात सोडावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांस मागासवर्ग मानण्यास सांगितले, तेव्हा मूळच्या दलित तृतीयपंथीयाने कोणता हक्क धरावा आणि कोणता सोडावा, असा पेच पडला. तामिळनाडूतील ग्रेस बानू यांनी समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली आहे ती याच कारणाने. आणि कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत १ टक्का समांतर जागा ठेवून वाट दाखविली आहे. खुर्च्या वाढविण्याची गरज नाही. असलेल्या खुर्चीवर पूर्ण माणसास बसू द्यावे, एवढेच करावयाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ही ज्याची त्याची खासगी बाब, ती निवडणुकीच्या चव्हाट्यावर का आणावी? आमचे म्हणणे असे की, वसतिगृहातील खोली, प्रमाणपत्रावरील नाव, छळाची तक्रार, या खासगी बाबी नव्हेत. मुंबईच्या देवनार भागातील टाटा समाजविज्ञान संस्थेत लिंगभेदविरहित वसतिगृह झाले; पवईच्या तंत्रशिक्षण संस्थेत ‘साथी’ हा समलिंगी-तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा गट २०११ पासून आहे. मागणारे कोणी होते, म्हणूनच या गोष्टी झाल्या.

परंतु येथे एक अडचण उरते, आणि ती कोणत्याही कायद्याने सुटणारी नाही. मतदाराचे मत गुप्त असते, उमेदवाराचे नाव नसते. ज्या विद्यार्थ्याला या जागेची सर्वांत अधिक गरज आहे, त्यालाच अर्जावर सही करणे सर्वांत कठीण जाते. कारण त्या दिवशी संध्याकाळी त्याला घरी जावयाचे असते. नाहूरच्या घरांतून पवई, मुलुंड वा भांडुप ही शिक्षणाची ठिकाणे फार लांब नाहीत. विद्यापीठातील ती जागा विधिमंडळ पुन्हा निर्माण करील, लवकर वा उशिरा; ती भरणारे नाव मात्र अशाच एखाद्या घरातून यावयाचे आहे. आपला मुलगा वा मुलगी उमेदवार झाली असे कळल्यावर घरातील माणसे त्या रात्री जेवणाचे पान मांडतात की दार लावून घेतात, यावरच ती जागा भरेल की रिकामी राहील हे ठरणार आहे.