पाळण्याचे पाय

मढीची यात्रा म्हटली की लोक कानिफनाथांचा गड, रेवड्या आणि गाढवांचा बाजार एवढंच सांगतात. होळीपासून पाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यातल्या या गावात पाय ठेवायला जागा नसते. मी फिटर, आयटीआयत पोरांना हाच ट्रेड शिकवला. गडावरून उतरलो की पावलं आपसूक पाळण्यांकडे वळतात. फिरणाऱ्या पाळण्यापेक्षा उभा राहत असलेला पाळणा बघण्यात मला जास्त गोडी.

मिस्त्री आधी जमीन बघतो. मुरमाड असली तर निम्मं काम झालं. काळी माती वरून कोरडी दिसते आणि वजन पडलं की खचते. म्हणून पायांखाली जाड लाकडी ठोकळे आडवेउभे रचायचे, म्हणजे भार पसरतो. पाणसळ लावून दोन्ही मनोरे एका पातळीत घ्यायचे; आस तसूभर कलला तरी सगळा भार एका बेअरिंगवर जातो आणि ते तापतं. मग आरे, मग कड, प्रत्येक जोडाला पिन आणि पिनेला क्लिप. एक पाळणा इकडे टांगला की दुसरा थेट समोरच्या बाजूला. माणसं बसवतानाही हाच नियम. समोरासमोरचे पाळणे भरत गेले की चाक तोललेलं राहतं, मोटरीला मुख्यतः घर्षणाशीच झगडावं लागतं, आणि एवढं धूड लहानशा मोटरीवर फिरतं. रांगेतले लोक ‘आम्हाला का थांबवलं’ म्हणून कुरकुरतात, तेव्हा पाळणेवाला तोल सांभाळत असतो.

माणसांनी ढकलायचे लाकडी पाळणे फार जुने. 1620 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेल्या, आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिवमध्ये असा पाळणा पाहिला आणि त्याचं चित्र काढून ठेवलं. लोखंडी महाचक्र आलं 1893 च्या शिकागो प्रदर्शनात. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. चाक करणारा जॉर्ज फेरिस पूलबांधणीतला इंजिनियर होता. उंची 264 फूट, डबे 36, एकेकात 60 माणसं. त्याचे आरे सायकलच्या चाकासारखे ताणाचे होते. जत्रेतल्या पाळण्याचे आरे मात्र ताठ अँगलचे, कारण ते पुन्हापुन्हा खोलून ट्रकवर घालायचे असतात.

पलीकडे मौत का कुआँ. त्याचं मूळ अमेरिकेतल्या जत्रांमधल्या फळ्यांच्या गोल धावपट्टीत आहे. तिथे भिंती अधिकाधिक उभ्या होत गेल्या आणि 1915 च्या सुमारास काटकोनात आल्या. गाडीचा वेग तिला फळ्यांवर दाबून धरतो आणि टायरचं घर्षण तिला खाली घसरू देत नाही. दहा मीटर व्यासाच्या विहिरीत, कोरड्या फळ्यांवर, वेग ताशी 30 किलोमीटरच्या बराच खाली गेला की पकड सुटते. फळ्या ओल्या असतील तर हे गणितच मोडतं. पावसाची सर आली की खेळ थांबवणारा मालक शहाणा.

शिर्डीत आता संगमनेरच्या मालपाणी समूहाचा वॉटर पार्क आहे आणि साईतीर्थ हा भक्तीवरचा थीम पार्कही. वॉटर पार्कमध्ये पंप पाणी मनोऱ्यावर चढवतो, घसरगुंडीवर त्याचा पातळ थर राहतो आणि पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. साईतीर्थात साईबाबांची यांत्रिक मूर्ती हलते, बोलते. नातवंडांना तिथे जरूर न्यावं. पण तिथला पाया एकदाच घातलेला आहे. पाळणेवाल्याला तो दर यात्रेला नव्याने घालावा लागतो, तोही मिळेल त्या तुकड्यावर. मला हे काम जास्त अवघड वाटतं. आमच्या फिटरच्या अभ्यासक्रमात त्याचा धडा नव्हता. असायला हवा होता.

यात्रा समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पाळण्यांची जागा आदल्या रात्री वाटू नका. मिस्त्रीला जमीन बसवायला निदान दोन दिवस द्या. पाऊस पडून गेला असेल तर पातळी पुन्हा तपासल्याशिवाय चाक फिरू देऊ नका. आणि लेकराला घेऊन पाळण्यात बसणाऱ्यांनो, तिकीट काढण्याआधी एकदा खाली वाकून पायांखालचे ठोकळे बघा.