नावाची मालकी, नावाचा विसर : अ‍ॅस्पिरिनच्या इतिहासाचे एक वाचन

कर्तृत्वाचा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. एखादा अभंग नेमका कोणाचा, त्याच्या अखेरची नाममुद्रा मूळची की मागाहून कोणी घातलेली, या प्रश्नांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चर्चा होत आली आहे. औषधांच्या बाबतीत मात्र असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. औषधाच्या वेष्टनावर कंपनीचे नाव असते, औषधाचे नाव असते. ते ज्याने घडवले त्याचे नाव नसते आणि त्याची उणीवही कोणाला जाणवत नाही. बायर या जर्मन कंपनीचा व तिच्या अ‍ॅस्पिरिनचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. कोणते नाव जपले जाते, कोणते पुसले जाते आणि ते कोण ठरवते, हे त्यात विलक्षण स्पष्टपणे दिसते.

या कंपनीचा आरंभ औषधांतून झाला नाही. फ्रीडरिख बायर हा रंगांचा व्यापारी आणि योहान फ्रीडरिख वेस्कॉट हा रंगारी, या दोघांनी १८६३ मध्ये जर्मनीतील बार्मेन या गावी भागीदारी केली ती डांबरापासून कृत्रिम रंग बनवण्यासाठी. रंगांच्या धंद्यात पुढे स्पर्धा वाढली, तेव्हा कार्ल ड्यूसबर्ग या रसायनज्ञाच्या पुढाकाराने, रंग तयार करताना साचणाऱ्या एका निरुपयोगी पदार्थापासून ज्वरनाशक औषध बनवण्यात आले. १८८८ मध्ये ते ‘फेनासेटिन’ या नावाने बाजारात आले. रासायनिक नाव लांबलचक आणि जिभेला जड असते. डॉक्टर चिठ्ठीवर लिहिणार ते सुटसुटीत नाव. शिवाय मूळ पदार्थ आधीपासून ज्ञात असेल तर त्यावर हक्क सांगता येत नाही, पण नावावर सांगता येतो. ही गोष्ट कंपनीच्या फार लवकर ध्यानात आली.

अ‍ॅस्पिरिनची कथा या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. विलो या झाडाच्या (आपल्याकडचा वाळुंज याच कुळातला) सालीने ताप उतरतो, हे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्राने कळवले होते. त्या सालीतील गुणकारी द्रव्यापासून निघणारे सॅलिसिलिक आम्ल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यात तयार होऊ लागले. पण ते पोटाला सोसत नसे. त्याचे सौम्य रूप, म्हणजे अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल, शार्ल गेरहार्ट या फ्रेंच रसायनज्ञाने १८५३ मध्येच अशुद्ध स्वरूपात बनवले होते. बायरच्या प्रयोगशाळेत फेलिक्स होफमान याने ते शुद्ध व टिकाऊ स्वरूपात सिद्ध केल्याची नोंद त्याच्या वहीत १० ऑगस्ट १८९७ या तारखेस आहे. त्याच महिन्यात त्याने मॉर्फिनवर तीच प्रक्रिया करून आणखी एक पदार्थ तयार केला. हा पदार्थही नवा नव्हता. लंडनमध्ये १८७४ मध्ये तो एकदा तयार झालेला होता. कंपनीने १८९८ मध्ये तो खोकल्यावरचे औषध म्हणून विक्रीस आणला आणि ‘वीरोचित’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून त्याला नाव दिले ‘हेरॉइन’. कंपनीने त्याचे उत्पादन १९१३ मध्ये थांबवले. नाव मात्र जगाच्या कोशात कायमचे राहिले, आणि त्यातला वीर आज कोणालाही आठवत नाही.

दुसरे नाव अधिक विचारपूर्वक घडवलेले होते. अ‍ॅसिटिलमधला ‘अ‍ॅ’, स्पायरिया या वनस्पतीवरून त्या आम्लाला जे जुने जर्मन नाव होते त्यातला ‘स्पिर’, आणि औषधांच्या नावांना तेव्हा लागत असे तो ‘इन’ हा प्रत्यय. ‘अ‍ॅस्पिरिन’ या नावाची नोंदणी बर्लिनमध्ये मार्च १८९९ मध्ये झाली. पदार्थ पूर्वज्ञात असल्यामुळे जर्मनीत त्यावर पेटंट मिळाले नाही. ब्रिटनमध्ये मिळालेले पेटंट १९०५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवले. अमेरिकेतले १९१७ मध्ये संपले. अशा स्थितीत कंपनीच्या हाती उरणारी खरी मालमत्ता म्हणजे तो शब्द होता.

तो शब्दही हातचा गेला. पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून अमेरिकी सरकारने बायरची तेथील कंपनी ताब्यात घेतली आणि डिसेंबर १९१८ मध्ये तिचा लिलाव केला. स्टर्लिंग प्रॉडक्ट्‌स या कंपनीने ती ५३ लाख १० हजार डॉलरना विकत घेतली. पुढे १९२१ मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्यापुढे एक खटला आला. प्रश्न असा होता की ‘अ‍ॅस्पिरिन’ हे एका कंपनीच्या मालाचे नाव आहे की त्या पदार्थाचेच नाव झाले आहे? आपल्याकडे ‘डालडा’चे आणि ‘झेरॉक्स’चे जे झाले त्याची आठवण येथे होईल. न्यायमूर्तींचा निर्णय भाषेच्या अभ्यासकांनी लक्षपूर्वक पाहावा असा आहे. सामान्य ग्राहकांच्या तोंडी हा शब्द पदार्थवाचक झाला आहे, परंतु औषधविक्रेते आणि डॉक्टर यांच्यापुरता तो अजून व्यापारचिन्हच आहे, असे त्यांनी ठरवले. एकच शब्द एका समाजगटात सामान्यनाम आणि दुसऱ्यात विशेषनाम असू शकतो, ही गोष्ट न्यायालयाने मान्य केली ती व्याकरणाच्या ग्रंथांवरून नव्हे, लोकांच्या बोलण्यावरून. अमेरिकेत आपल्याच ‘बायर’ या नावाने औषधे विकण्याचा हक्क परत मिळवण्यासाठी मूळ कंपनीला १९९४ पर्यंत थांबावे लागले आणि त्या व्यवहारासाठी सुमारे १०० कोटी डॉलर मोजावे लागले.

नावाची ही किंमत लक्षात घेतली की त्याच कथेतील दुसरे नाव अधिकच खुपू लागते. आर्थर आयशेनग्र्यून हा ज्यू रसायनज्ञ १८९६ मध्ये बायरमध्ये आला आणि १९०८ मध्ये बाहेर पडून त्याने स्वतःचा कारखाना काढला. १९३४ मध्ये रासायनिक उद्योगाच्या इतिहासावर एक जर्मन पुस्तक प्रसिद्ध झाले. वडिलांच्या संधिवाताच्या वेदना पाहवेनात म्हणून होफमानने अ‍ॅस्पिरिन शोधून काढले, ही पुढे जगभर सांगितली गेलेली हृद्य कथा त्यातील एका तळटीपेत अवतरते. आयशेनग्र्यूनचा तिच्यात उल्लेख नाही. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा वर्ष उलटले होते. आयशेनग्र्यूनच्याच सांगण्यानुसार १९४१ मध्ये म्युनिकच्या संग्रहालयात त्याने अ‍ॅस्पिरिनचे शुभ्र स्फटिक मांडलेले पाहिले. खाली शोधक म्हणून ड्रेझर आणि होफमान ही नावे होती, आणि आर्येतरांना प्रवेश नाही अशी सूचना दाराशी होती.

यानंतरचा तपशील कोणा कादंबरीकाराने कल्पिला असता तर आपण तो कृत्रिम म्हणून नाकारला असता. नाझी कायद्याने ज्यू पुरुषांना आपल्या नावात ‘इझ्राएल’ हे नाव जोडणे बंधनकारक केले होते. एका पत्रात ते न लिहिल्याबद्दल १९४३ मध्ये आयशेनग्र्यूनला चार महिन्यांची कैद झाली. १९४४ मध्ये त्याला टेरेझिनश्टाटच्या छळछावणीत पाठवण्यात आले. तो जिवंत परतला. १९४९ मध्ये एका औषधशास्त्रीय नियतकालिकात त्याने लिहिले की होफमानने केलेले काम आपल्या निर्देशानुसार झाले होते. औषधविज्ञान विभागाचा प्रमुख हाइनरिख ड्रेझर याने ते औषध बाजूला सारल्यावर आपण ते स्वतःवर आजमावले आणि मग डॉक्टरांकरवी रुग्णांवर त्याची चाचणी घडवून आणली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. या लेखाकडे पुढे अर्धशतक फारसे कोणी पाहिले नाही. २००० मध्ये वॉल्टर स्नीडर या स्कॉटलंडमधील अभ्यासकाने पुराव्यांची छाननी करून आयशेनग्र्यूनचा दावा ग्राह्य ठरवला. कंपनीने तो मान्य केला नाही.

येथे निकाल देण्याची घाई करू नये. प्रयोगवहीत होफमानचे नाव आहे, १९०० च्या अमेरिकी पेटंटवरही त्याचेच आहे. आयशेनग्र्यूनची साक्ष पन्नास वर्षांनंतरची आणि स्वतःविषयीची आहे. पण पाठचिकित्सेचा साधा नियम लावला तरी एक गोष्ट उरते. वडिलांच्या संधिवाताची कथाही घटनेनंतर सदतीस वर्षांनी, ती सांगणे सोयीचे होते अशा काळात प्रथम आढळते. मग एका उत्तरकालीन साक्षीला संशय आणि दुसरीला विश्वास, हा भेद कशाच्या आधारे करायचा?

याच काळात कंपनीचे स्वतंत्र अस्तित्वही उरलेले नव्हते. १९२५ मध्ये बायर ही आय. जी. फार्बेन या महासंघात विलीन झाली होती. औषधांवर मात्र बायरचेच चिन्ह राहिले. आउश्विट्झमध्ये या महासंघाने कैद्यांच्या श्रमावर कारखाना उभारला. हेल्मुट फेटर या एसएस डॉक्टरने छावण्यांतील कैद्यांवर बायरच्या नव्या औषधांचे प्रयोग केले. त्या औषधांना अजून नावे नव्हती, बी-१०१२ आणि बी-१०३४ असे क्रमांक होते. ज्यांना ती दिली गेली त्या माणसांनाही तेथे क्रमांकच होते. युद्धानंतर न्युरेंबर्ग येथे शिक्षा झालेला फ्रिट्झ टेर मेअर १९५६ मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या बायरच्या पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष झाला.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील बायरच्या ‘नेक्सावार’ या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध ८,८८० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना दिला. अशा प्रकारचा हा भारतातील पहिलाच परवाना. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो उचलून धरला. परवान्याच्या अटींत एक अट अशी होती की नव्या गोळीचे व्यापारी नाव, रूप आणि वेष्टन मूळ औषधाहून वेगळे असले पाहिजे. पदार्थ वाटून घेता आला. नावावरचा हक्क तेवढा कंपनीकडेच राहिला.

नाव जपणारी व्यवस्था किती काटेकोर असू शकते हे या इतिहासातून कळते. नोंदणी, खटले, लिलाव, तह, परवाने : एका शब्दासाठी हे सारे होते. आयशेनग्र्यूनसाठी होता एक लेख, तोही मृत्यूच्या वर्षी लिहिलेला. १९३४ ची ती तळटीप आणि १९४९ चा तो लेख, हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचण्याचे काम इतिहासकारांइतकेच साहित्याच्या वर्गातही व्हायला हरकत नाही. कोण बोलतो आहे, कधी आणि कोणाच्या परवानगीने, हे विचारण्याची सवय तिथेच लागते.